राखेखालचा विस्तव

होळी झाली आणि उन्हाचा चटका जाणवू लागला की आमच्या घरी एक दिवस गिरडसाठी राखून ठेवलेला असे. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. तेव्हा आईने बोललेला नवस ती पुढे जवळजवळ पन्नास वर्षे फेडत राहिली. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातले गिरड हे गाव टेकडीवरील बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतील माणसे सारख्याच श्रद्धेने जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याने फकिराची थट्टा केली आणि त्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा लहानपणी आई आम्हाला सांगत असे. भूगर्भशास्त्र त्या दगडांना झिओलाइट म्हणते. आम्हा भावंडांना मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत.

नवस साधा होता. दर्ग्यावर मलिदा चढवायचा आणि खाली येऊन झाडाखाली रोडग्यांचा स्वयंपाक करून चार माणसांना जेवू घालायचे. विदर्भातील वाचकांना रोडग्यांविषयी वेगळे सांगायला नको. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात खरपूस भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप घालायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर, वरणाबरोबर खायचे. त्यासाठी गोवऱ्यांचा जगरा लागतो. तो पेटायला वेळ घेतो आणि विझायला त्याहूनही अधिक. ही दुसरी गोष्ट पुढे फार महाग पडली. म्हणूनच हा लेख लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात आम्ही असेच गेलो होतो. आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. बरोबर भाऊ, वहिनी आणि महाविद्यालयात शिकणारा भाचा. टेकडीच्या पायथ्याशी गर्दी होती, म्हणून भावाने गाडी थोडी पुढे, जंगलाच्या कडेला घेतली. सागाची उंच झाडे, मधूनच पळस, आणि खाली पायाला लागताच कुरकुरणाऱ्या वाळक्या पानांचा थर. सावली विरळ होती, पण जागा निवांत होती. आम्ही पाने हाताने थोडी बाजूला सारली, तीन दगड मांडले, शेजारी जगरा लावला. त्या जागी विस्तव पेटवण्यास मनाई असेल, असा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. इतकी वर्षे करत आलेली गोष्ट चुकीची असेल, हे कुणाला सहसा सुचत नाही.

जेवणे झाली. भाचा म्हणाला, "आजी, पाणी ओतू का?" पिण्याच्या पाण्याचा एकच कॅन उरला होता आणि ऊन वाढत होते. आई म्हणाली, "राख सारा वरून, माती टाका. पाणी राहू द्या प्यायले." भावाने फावड्यासारखा एक दगड घेऊन राख ओढली, वर दोन-चार ओंजळी माती टाकली. धूर थांबला. आम्ही भांडी आवरली आणि दर्ग्याकडे निघालो.

तासाभराने परतताना आईच्या लक्षात आले की तिची काठी झाडाला टेकलेलीच राहिली. काठी आणायला वळलो म्हणून आम्हाला ते दिसले. एरवी आम्ही वर्ध्याला पोहोचून चहा घेत बसलो असतो आणि आपल्या हातून काय झाले हे आयुष्यात कधी कळले नसते.

दुपारचा वारा सुटला होता. त्याने वरची राख उडवली होती, खालचे निखारे उघडे पडले होते आणि सागाची पाने पेटली होती. ज्वाळा गुडघाभर उंचीच्याही नव्हत्या. एक वाकडीतिकडी लाल रेघ जमिनीवरून चढाच्या दिशेने सरकत होती आणि तिच्या मागे काळी जमीन पसरत होती. जवळच गुरे चारणारे एक वृद्ध गृहस्थ आणि दोन तरुण हिरव्या डहाळ्यांनी ती रेघ झोडपत होते. भाऊ आणि भाचा धावले. मी आईला गाडीत बसवून ठेवले होते, आणि गाडी नेमकी धुराच्या वाटेत उभी होती. ते गुराखीबाबा ओरडले, "बाई, म्हातारीले घेऊन तिकडे थांबू नका, धूर तिकडेच येऊन राह्यला!" तोवर काचा खाली असलेल्या गाडीत आईने पाच-सात मिनिटे तो धूर घेतला होता.

आग अर्ध्या तासात आटोक्यात आली. अंगणापेक्षा थोडी मोठी जमीन काळी झाली होती. भाच्याला त्या काळ्या जमिनीत तितराची अंडी दिसली, होरपळलेली. आमच्यावर कुणी रागावले नाही. गुराखीबाबांनी आमच्याकडच्या उरलेल्या पाण्यातले दोन घोट घेतले आणि एवढेच म्हणाले, "वारा कमी होता म्हणून बरं झालं."

त्या रात्री आईचा दम वाढला. एक वाक्य पूर्ण बोलताना ती दोनदा थांबत होती. दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या, नेब्युलायझर लावावे लागले. तिला सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा विकार आहे. काही वर्षांपूर्वी निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी विचारले होते, "बिडी-सिगारेटची सवय होती का?" आई हसली होती. तिला सवय होती ती चुलीची. वयाच्या दहाव्या वर्षापासून घरात गॅस येईपर्यंत तिने लाकडांचा आणि गोवऱ्यांचा धूर श्वासातून घेतला. सिगारेटला कधी हातही न लावलेल्या आपल्याकडच्या असंख्य वृद्ध स्त्रियांना हा विकार याच वाटेने झालेला असतो.

रुग्णालयातल्या दुसऱ्या रात्री तिला झोप येत नव्हती. छताकडे पाहत ती म्हणाली, "राखेखाली इस्तो मरत नाही, बाई. झोपते. मले हे ठाऊक होतं. अन् मीच म्हटलं, राख सारा."

तिच्या सासरी, म्हणजे माझ्या आजीच्या घरी, रात्री स्वयंपाक आटोपला की चुलीतले निखारे एका बाजूला ओढून त्यांवर राख दाबून ठेवत. काडेपेटी जपून वापरायची असे. पहाटे उठून राख बाजूला केली की आतला निखारा लाल असे. त्यावर दोन काटक्या ठेवून फुंकले की चूल पेटे. विस्तव रात्रभर जिवंत ठेवण्याची ही युक्ती आईने हजारो रात्री केली होती. राख निखाऱ्याला पोहोचणारी हवा कमी करते, त्यामुळे तो सावकाश जळतो, आणि त्याची उष्णताही धरून ठेवते. विस्तव टिकवायचा असेल तर राखेसारखे पांघरूण नाही. आम्ही त्या दिवशी जंगलात विस्तव विझवला असे समजत होतो. खरे तर आम्ही तो जपून ठेवला होता.

आई घरी आली, दम ओसरला. पण मनाचे काही ओसरले नाही. पुढच्या वर्षी होळी आली आणि गेली. आईने गिरडचे नाव काढले नाही. मी विचारले तर म्हणाली, "आता कायले?" जेवण कमी झाले, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. वृद्ध माणसाची काळजी घेणाऱ्या वाचकांना ही अवस्था ओळखीची असेल. आपल्या हातून चूक झाली आणि आता आपला कुणाला उपयोग नाही, ही भावना म्हातारपणी फार खोल जाते. मी तिच्या गोळ्या, तिचा इनहेलर, तिचे पाणी यांचा हिशेब ठेवत होते. तिच्या अपराधीपणाचा हिशेब कसा ठेवायचा, हे मला कुणी शिकवले नव्हते.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. मला जी एक गोष्ट येते ती मी केली. नीट माहिती करून घेतली. जे कळले ते इथे सांगते, कारण उन्हाळ्यात देवदर्शनाला, दर्ग्याला, सहलीला जंगलाच्या कडेने जाणारी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो. विदर्भातील जंगल मुख्यतः पानगळीचे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह ही झाडे कोरड्या महिन्यांत पाने गाळतात. जमिनीवर वाळक्या पानांचा जाड थर साचतो आणि वरून ऊन चाळिशीच्या पलीकडे जाते. या काळाआधी वनविभाग जाळरेषा तयार करतो, म्हणजे जंगलातून ठरावीक रुंदीचे पट्टे पाने आणि गवत काढून, जाळून मोकळे करतो, जेणेकरून पलीकडची आग अलीकडे येऊ नये. आपण मांडलेली चूल जाळरेषेच्या आत असेल तर त्या सगळ्या मेहनतीचा उपयोग उरत नाही.

कायदाही जुना आणि स्पष्ट आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला आग लावणे हा गुन्हा आहेच. शिवाय वनाधिकाऱ्याने अधिसूचित केलेल्या काळाखेरीज तिथे विस्तव पेटवणे, तो ठेवणे किंवा बरोबर नेणे हाही गुन्हा आहे. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने तिथे आग पेटवण्यास किंवा जळती सोडून जाण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० ने मनाई केली आहे. "आम्ही जाळायला नव्हतो आलो, स्वयंपाकाला आलो होतो" हे उत्तर इथे पुरत नाही. गिरडच्या परिसरातील जंगलात वाघांचा वावर आहे आणि उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यही तिथून फार दूर नाही. आम्ही ज्या झाडाखाली निवांत जेवलो, ती आमची जागा नव्हतीच.

आपल्याकडे वीज पडून आपोआप लागणाऱ्या वणव्यांपेक्षा माणसाच्या हातून लागणारे वणवे कितीतरी अधिक असतात. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालची पाने जाळली जातात. तेंदूला नवी पालवी चांगली यावी या समजुतीने आग लावली जाते. शेताच्या धुऱ्यावरचा काडीकचरा पेटवला की ठिणगी जंगलात जाते. अर्धवट विझलेली बिडी हे आणखी एक कारण. आणि या यादीत आमच्यासारख्यांची चूलही आहे. मोह वेचणाऱ्याला पोटासाठी जंगलात जावे लागते. आम्ही तर हौसेने आणि श्रद्धेने गेलो होतो. आमची जबाबदारी म्हणून अधिकच होती.

वणव्याची किंमत कोण मोजतो, हेही तेव्हाच नीट कळले. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवताना तीन वनमजूर होरपळून मृत्युमुखी पडले आणि दोघे जखमी झाले. ही रोजंदारीवर काम करणारी माणसे होती. त्या बातमीचे कात्रण मी पुन्हा वाचले तेव्हा मला ते गुराखीबाबा आठवले. आमच्या रोडग्यांची आग विझवण्यासाठी डहाळी घेऊन उभे राहिलेले ते वयस्क गृहस्थ. वारा कमी होता म्हणून बरे झाले, हे त्यांचे वाक्य किती खरे होते! तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणी येथे ११ मार्च २०१८ रोजी डोंगरात फिरायला गेलेली मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. जंगलातली आग पाहुणा आणि यजमान असा भेद करत नाही.

आज डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणे टिपते आणि वनकर्मचाऱ्यांना मोबाइलवर सूचना पाठवते. ही मोठी सोय आहे. पण राखेखाली झोपलेला निखारा उपग्रहाला दिसत नाही. तो त्या चुलीजवळ बसलेल्या माणसालाच दिसू शकतो, आणि तोही हात लावून पाहिले तरच.

आता थोडे आरोग्याविषयी. लाकूड आणि पाने जळताना निघणाऱ्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असलेले हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसांच्या तळापर्यंत जातात. दमा, सीओपीडी आणि हृदयविकार असलेल्यांना थोडा वेळ घेतलेला दाट धूरही त्रासदायक ठरू शकतो. ओला रुमाल किंवा पदर तोंडावर धरल्याने धुराचा वास थोडा कमी वाटतो, पण हे सूक्ष्म कण त्यातून आत जातातच. घट्ट बसणारा एन-९५ मास्क त्यांना बऱ्याच अंशी अडवतो. मात्र दमेकऱ्याला त्यातून श्वास घेणे जड जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे धुरापासून दूर जाणे. गाडीत असाल तर काचा वर कराव्यात, बाहेरची हवा आत घेणे बंद करावे आणि धुराच्या वाटेतून गाडी काढावी. मी नेमके याच्या उलट केले होते.

धुरातून बाहेर आल्यावर रुग्णाला बसते ठेवावे, कपडे सैल करावेत, डॉक्टरांनी सांगितलेला इनहेलर शक्यतो स्पेसरमधून द्यावा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल तर वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. त्रास काही तासांनी वाढू शकतो. आईचा दम संध्याकाळी नव्हे, रात्री वाढला होता. त्यामुळे त्या रात्री कुणीतरी जवळ झोपावे. घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाला चुलीजवळ, उदबत्तीजवळ, बिडी ओढणाऱ्याजवळ कधीही बसवू नये. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कपडे आणि केस फार झपाट्याने पेटतात. उन्हाळ्याचे आणखी एक भान हवे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी लवकर कमी होते. विझवायला पाणी नाही आणि प्यायलाही पुरेसे नाही, अशा तयारीने जंगलाकडे जाऊ नये. आमचा गोंधळ एका कॅनपासूनच सुरू झाला होता.

आणि आग दिसलीच तर? प्रथम घरातील वृद्ध, मुले आणि आजारी माणसे यांना वाऱ्याच्या आडव्या दिशेने, मोकळ्या जागेकडे किंवा डांबरी रस्त्याकडे न्यावे. चढावर पळू नये, कारण आग चढावर माणसापेक्षा वेगाने जाते. मग १९२६ या वनविभागाच्या मदत क्रमांकावर किंवा ११२ वर कळवावे. जवळचे गाव, मंदिर, डोंगर अशी एखादी खूण सांगावी. ओंजळीएवढी आग आणि मागे मोकळी वाट असेल तरच विझवायला हात घालावा. गाडी वाळक्या गवतावर उभी करू नये. तापलेल्या सायलेन्सरनेही गवत पेटते.

ही सगळी माहिती मी वहीत उतरवली. यंदा होळी जवळ आली तेव्हा ती वही घेऊन मी आईजवळ बसले. तिला काय करू नये याची यादी वाचून दाखवायची, असे मनात होते. पहिले पान उघडले आणि तिचा चेहरा पाहून थांबले. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला तिच्या आयुष्यभराच्या व्रताविषयी नियम वाचून दाखवणे म्हणजे तिला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होते. मी वही मिटली आणि विचारले, "आई, आजीच्या घरी निखारा राखेत किती वेळ टिकायचा गं?"

ती वळली. बऱ्याच दिवसांनी सलग बोलली. बाभळीचा निखारा सर्वांत जास्त टिकतो, गोवरीचा वरून विझलेला दिसतो पण आतून धुमसतो, पावसाळ्यात राख सादळली की पहाटे शेजारणीकडून विस्तव आणावा लागे. मग माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिने आपणहून दिले. "खरंच विझवायचा असंल तर पाणी टाकाव, काडीनं ढवळाव, पुन्हा पाणी टाकाव, दगड उलटे कराव. मग उलटा हात धराव. ऊन लागलं तर विझला नाही." जरा थांबून म्हणाली, "पण तिथं पेटवायचाच कायले? बाबाले रोडगे पाहिजेत, धूर कुठं पाहिजे?"

निर्णय तिचा होता. मला फक्त प्रश्न विचारावा लागला. घरातील वृद्धांना 'हे करू नका' असे सांगताना आपण बहुतेक वेळा उत्तर हातात घेऊन जातो. त्यांच्याकडे त्याहून जुने आणि पक्के उत्तर असू शकते, हे मी त्या दिवशी शिकले. धूर आईला चालत नाही म्हणून चूल नको, असे मी म्हटले असते तर ती स्वतःला ओझे समजली असती. जंगलाला विस्तव चालत नाही, हे तिने स्वतः म्हटले तेव्हा ती पुन्हा घरातली जाणती बाई झाली.

यंदा रोडगे घरीच झाले. पहाटे भावाच्या अंगणात, वाळू आणि पाण्याच्या दोन बादल्या शेजारी ठेवून. आई धुरापासून लांब, घरातल्या खिडकीआड बसून सूचना देत होती. रोडगे फडक्यात गुंडाळून टोपलीत भरले, भाजी आणि वरण डब्यांत घेतले, पाण्याचे तीन कॅन घेतले. गिरडला सकाळी लवकर पोहोचलो. आईला चढ झेपत नाही, म्हणून ती खालीच खुर्चीवर बसली. भावाने वर जाऊन मलिदा चढवला. परतताना रस्त्याच्या कडेला झाडाखाली आम्ही चार अनोळखी माणसांना आपल्याबरोबर जेवायला बसवले. त्यांत एक वयस्क मुसलमान जोडपे होते. रोडगे गार झाले होते, तूप थोडे थिजले होते. त्या आजींनी दुसरा रोडगा मागून घेतला तेव्हा आईने माझ्याकडे पाहिले. नवस फिटला होता.

निघताना थोड्या अंतरावर कुणीतरी सोडून गेलेली चूल दिसली. तीन काळे दगड, वर पांढरी राख, धूर अजिबात नाही. भाचा म्हणाला, "आजी, ही कालची दिसते." आई म्हणाली, "उलटा हात धरून पाय." त्याने राखेवर थोड्या अंतरावरून हाताची मागची बाजू धरली आणि पटकन मागे घेतली. चूल कालची असो वा आजची, आत विस्तव होता.

आईला आम्ही वाऱ्याच्या उलट दिशेला, दूर बसवले. भाच्याने चेहरा बाजूला ठेवून कडेने सावकाश पाणी ओतले, कारण एकदम ओतले तर गरम राख आणि वाफ अंगावर उडते. चर्र आवाज झाला आणि पांढरी वाफ वर आली. त्याने काडीने ढवळले, दगड उलटे केले, पुन्हा पाणी ओतले. तिसरा कॅन अर्धा संपला. वहिनी कुरकुरली की लोक किती बेफिकीर असतात. आई तिला म्हणाली, "राहू दे बाप्पा. त्यायलेबी वाटलं असंल, विझला."

भाच्याने पुन्हा हात धरला, मग बोटांनी ओली राख चाचपली. "आता गार आहे, आजी," तो म्हणाला.

"दोन मिनिटं थांब," आई म्हणाली, "अन् पुन्हा पाय."

आम्ही दोन मिनिटे थांबलो. त्याने पुन्हा पाहिले. मग तिने काठी टेकली आणि उठली.